आधी रक्तदाब, मग खोली

आगाऊ पैसे मागण्याच्या आधी त्या रिसॉर्टने माझा रक्तदाब विचारला. लेकीने अंदमानातल्या स्वराज द्वीपवरच्या एका डाइव्ह रिसॉर्टशी मेलवर बोलणं सुरू केलं होतं. 2018 च्या डिसेंबरात या बेटाचं नाव बदललं, पण बोटीवाल्यांपासून भाजीवाल्यापर्यंत सगळे त्याला अजून हॅवलॉकच म्हणतात. तिला ओपन वॉटरचा, म्हणजे स्कुबाच्या पहिल्या परवान्याचा, कोर्स करायचा होता. मी सोबतीला, म्हणजे खुर्चीत बसून शहाळं प्यायला. पण मला न विचारता तिने तिकडे लिहून टाकलं की आईसुद्धा एकदा पाण्याखाली उतरून बघेल. उत्तरात दोघींसाठी एकेक प्रश्नावली आली.

दमा आहे का, फीट येते का, कानाचं ऑपरेशन झालंय का, हृदयाचं काही? मग एक प्रश्न खास आमच्या पिढीसाठी: वय पंचेचाळीसच्या वर असेल आणि जोडीला रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान किंवा घरात कुणी कमी वयात हृदयविकाराने गेलेलं असेल तर तसं सांगा. मी रोज रक्तदाबाची गोळी घेते. लेक म्हणाली, "आई, 'नाही' लिहून टाक ना, कोण बघतंय?" मी बँकेत नोकरी करते; खोट्या माहितीवर सही केलेले अर्ज पुढे कुठे जाऊन अडकतात ते मला ठाऊक आहे. 'हो' लिहिलं.

मग डॉक्टरांच्या सहीचं वेगळं पान. आमचे डोंबिवलीचे डॉक्टर ते पान दोनदा वाचून म्हणाले, "समुद्राखाली? तुम्ही?" सही काही लगेच मिळाली नाही. ईसीजी झाला, मग ट्रेडमिलवर चालवून ताणचाचणी. रिपोर्ट चांगला आल्यावर त्यांनी सही केली आणि वर म्हणाले, "आल्यावर सांगा कसं वाटलं ते." रिसॉर्टच्या मेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: सही नसेल तरी जरूर या, राहा, स्नॉर्केलिंग करा, पण टाकी पाठीवर चढणार नाही. आणि सही हातात येईपर्यंत डाइव्हचे पैसे भरू नका. गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार आहे आणि दुकानदार म्हणतोय थांबा, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

मला हे नवं वाटण्याचं कारण मालवण. काही वर्षांपूर्वी ऑफिसच्या ग्रुपबरोबर तिथे गेले होते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या अंगाला होड्या नांगरून स्कुबा करवतात, तिथे एका होडीवर आमचा नंबर लागला. कागद पुढे आला, 'इथे सही'. कागदावर काय आहे हे विचारायला वेळ नव्हता, मागची होडी आमची जागा रिकामी व्हायची वाट बघत होती. आधीच्या माणसाच्या अंगातून निघालेला ओला सूट माझ्या अंगात कोंबला, नळी तोंडात दिली, "तोंडानं श्वास घ्या मॅडम" एवढंच शिक्षण, आणि मी पाण्यात. एका मुलाने मागून टाकीला धरून मला खाली नेलं. मासे जमावेत म्हणून खाणं टाकलं, दुसऱ्याने फोटो काढला, वर आणलं. कान दुखत होता तो संध्याकाळपर्यंत दुखला. फोटो मात्र झकास आला.

पण त्याच संध्याकाळी देवबागला ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो त्या काकूंनी माझा चेहरा बघूनच विचारलं, "कान दुकता मा?" आणि उत्तराची वाट न बघता शेक द्यायला फडकं गरम करून आणलं. रात्री बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी, सोलकढी. ग्रुपमधल्या दोघी शाकाहारी, तर त्यांच्यासाठी न सांगता काळ्या वाटाण्याची उसळ. सकाळी घावणे. निघताना हातात कोकमं. त्या घराच्या पाहुणचाराला मी आजही नाव ठेवू शकत नाही.

मालवणच्या होडीवाल्यांची घाई उगाच नसते, हेही सांगायला हवं. पावसाळ्यात समुद्र बंद, उरलेल्या महिन्यांतही गर्दी शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांनाच. नदीच्या मुखाजवळचं पाणी, ते बरेचदा गढूळ; जे दोन-तीन तास बरे मिळतात त्यात जेवढे पर्यटक उतरवता येतील तेवढेच पैसे. दर पाडण्याची चुरस वेगळीच. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कुबा प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे खोल तलावात नीट शिकवतात. पण एका दिवसात किल्ला, डॉल्फिन, स्कुबा आणि मासळीची थाळी उरकायची असलेल्या माणसाला तलावात शिकायला वेळ कुठला? आपणही घाईतच जातो.

असो. फेब्रुवारीत निघालो. विमान उतरतं ते वीर सावरकर विमानतळावर, आणि मराठी माणसाची पावलं आधी सेल्युलर जेलकडे वळतात. आम्ही ते परतीसाठी ठेवलं आणि थेट फेरी पकडली. संध्याकाळी साडेपाचला अंधार पडायला लागला तेव्हा घड्याळ बिघडलंय असं वाटलं. बेट एवढं पूर्वेला आणि घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे सगळा दिवस पहाटेकडे सरकलेला असतो. डाइव्हच्या बोटी उजाडताच सुटतात आणि रात्री नऊला रिसॉर्ट झोपलेलं असतं.

स्वागताला हार नाही, सरबत नाही. मला ते जरा लागलंच. दारात पाय धुवायला पाण्याचं घमेलं, भिंतीवर खडूने लिहिलेल्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि टेबलामागे उन्हाने रापलेली एक मुलगी. ही आमची प्रशिक्षक, मूळची चेन्नईची. तिने नावंगावं विचारण्याआधी तीन प्रश्न विचारले: सर्दी आहे का, चष्म्याचा नंबर किती, प्रवासात झोप झाली का? चष्म्याचा नंबर ऐकून ती आत गेली आणि नंबरच्या काचांचा मास्क घेऊन आली. मालवणला मी चष्मा काढून उतरले होते आणि माशांऐवजी रंगीत डाग बघून आले होते. हा प्रश्न तिथे कुणाच्या डोक्यात आला नव्हता, माझ्याही नाही.

पाहुणीला काय लागेल याचा विचार इथे झाला होता, पण तो सगळा पाण्यापुरता. खोलीत पंखा, मच्छरदाणी, गोडं पाणी जपून वापरा अशी चिठ्ठी. बस. वाळूमाश्या चावतात हे कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पोटऱ्यांवर लाल फोड आले तेव्हा झाडलोट करणाऱ्या बंगाली मावशींनी खोबरेल चोळायला दिलं. समोरचा समुद्र फोटोत निळाशार असतो. तो ओहोटीला एवढा मागे जातो की पोहायचं म्हटलं तर अर्धा दिवस खडकाळ चिखलाकडे बघत बसावं लागतं. याचीही कल्पना आधी द्यायला हवी होती.

आता सूट. माझ्या वयाच्या, माझ्या बांध्याच्या बाईला याची सर्वांत जास्त धास्ती असते, खोल पाण्याची नव्हे. अंगाला चिकटणारं ते रबर, आजूबाजूला पोरं. प्रशिक्षकाने मला आणि लेकीला बाजूच्या खोलीत नेलं, दोन-तीन मापं पुढे ठेवली, आतून कडी लावून घेतली. आत लेगिंग चालेल, पूर्ण बाह्यांचा पोलका चालेल, वर हा पूर्ण अंगाचा सूट, आणि वाटलं तर बोटीपर्यंत वरून पंचा गुंडाळा, असं तिने हिंदीत एका दमात सांगितलं. जणू रोजचंच. आणि तिला ते रोजचंच होतं. मराठी सहलींमुळे तिला 'हळूहळू' आणि 'घाबरू नका' एवढं मराठी येत होतं. पुढे पाण्यात ती हाच मंत्र म्हणत राहिली.

लेकीचा कोर्स वेगळा चालला होता. थिअरी तिने घरूनच ऑनलाइन संपवली होती. इथे आल्या आल्या 200 मीटर पोहून दाखवायचं, मग 10 मिनिटं नुसतं तरंगायचं, मगच पुढे. तिला 18 मीटरपर्यंत जाण्याचा परवाना मिळणार होता. माझ्यासारख्या एकवेळच्या पाहुणीला जास्तीत जास्त 12, आणि मला तिथवरही जायचं नव्हतं.

भरतीच्या वेळी कमरेएवढ्या पाण्यात माझी शाळा भरली. पहिली गोष्ट खुणा. अंगठा वर केला की त्याचा अर्थ 'मस्त' नव्हे. अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या'. ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं गोल. मी दर दोन मिनिटांनी उत्साहाने अंगठा दाखवत होते आणि ती दर वेळी मला गंभीरपणे उभी करत होती. हसली नाही. "नीचे भी यही करोगे तो मैं ऊपर ले आऊँगी," एवढंच म्हणाली.

मग श्वास. टाकीत ऑक्सिजन असतो असं आपण सगळे म्हणतो. असते ती साधी हवाच, दाबून भरलेली. श्वास कधीही रोखून धरायचा नाही, हा एकच नियम तिने इतक्या वेळा सांगितला की मला वाटलं ही मला मंद समजते. मग कारण सांगितलं. 10 मीटर खाली दाब दुप्पट होतो. तिथे छाती भरून घेतलेली हवा रोखून धरली आणि माणूस घाबरून वर सुटला, तर ती हवा वर येताना फुगत दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुस फाटू शकतं. कानाचं उलट: खाली जाताना दाब बाहेरून आत येतो, म्हणून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची, कान 'पॉप' होऊ द्यायचे, आणि हे दुखायच्या आधी, दर हातभर खोलीला. मालवणला दुखलेल्या कानाचा उलगडा मला त्या कमरेएवढ्या पाण्यात झाला.

मास्कमध्ये पाणी शिरलं तर काय, हे शिकताना मात्र माझी गाळण उडाली. मास्क मुद्दाम थोडा उचलायचा, पाणी आत येऊ द्यायचं, मग वरची कड दाबून धरून नाकाने जोरात उच्छ्वास, म्हणजे पाणी खालून निघून जातं. सांगायला सोपं. नाकाशी पाणी आलं की शरीर काही ऐकत नाही. मी ताडकन उभी राहिले, खोकले, "बस, मला नको" म्हणाले. मला वाटलं आता ती समजूत घालेल, एवढे पैसे भरलेत वगैरे. ती म्हणाली, "ठीक है, आज बंद." टाकी काढली आणि मला किनाऱ्यावर सोडलं. संध्याकाळी चहाच्या वेळी शेजारी येऊन बसली. डाइव्हबद्दल एक शब्द नाही, माझ्या नोकरीबद्दलच विचारत राहिली. जाताना म्हणाली, सकाळी भरती लवकर आहे, वाटलं तर या, नाही वाटलं तर झोपा.

मी गेले. मास्कचं ते पुन्हा केलं, आणखी एकदा केलं, आणि मग जमलं. जबरदस्ती केली असती तर मी परत त्या पाण्याकडे फिरकले नसते, एवढं मला नक्की ठाऊक आहे.

त्याच सकाळी बोटीजवळ तमाशा झाला. नाशिकचं एक जोडपं होतं, त्यातल्या गृहस्थांचं नाक चोंदलेलं. रात्री फॉर्मवर 'सर्दी नाही' लिहिलं होतं, पण शिंका सगळ्यांना ऐकू येत होत्या. प्रशिक्षकाने त्यांना बोटीवर चढू दिलं नाही. ते चिडले. सुट्टी एकदाच मिळते, पैसे मोजलेत, मालवणला सर्दीतच केलं होतं, काही झालं नव्हतं. मॅनेजर आला, आवाज न चढवता म्हणाला, "पैसा वापस हो जाएगा सर, कान का पर्दा नहीं होगा." सोबत दुसरा पर्याय: बायको जाऊ दे, तुम्ही बोटीवरून बघा, दोन दिवसांनी नाक मोकळं झालं तर याच पैशांत तुम्हाला नेतो. ते पाय आपटत नाश्त्याला गेले. पर्यटनाच्या धंद्यात गिऱ्हाइकाला सगळ्यांदेखत 'नाही' म्हणणं किती महाग पडतं, ते काउंटरवर आयुष्य घालवलेल्या मला कळतं. इथे नोकरांपासून मालकापर्यंत कुणी त्या 'नाही'ला बगल दिली नाही. माझ्या हिशेबी गादीवरच्या फुलांच्या हंसापेक्षा हा पाहुणचार मोठा.

बोट म्हणजे लाकडी डुंगी. चालवणारे दोघे कारेन जमातीचे. 1925 च्या सुमारास ब्रह्मदेशातून यांचे पूर्वज मध्य अंदमानात मायाबंदरकडे येऊन वसले. समुद्राची यांच्याइतकी जाण इथे क्वचितच कुणाला. डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज ही इथली नावाजलेली डाइव्हची ठिकाणं कारेन पाणबुड्यांच्या नावानेच ओळखली जातात. ती ठिकाणं जाणत्यांसाठी. आम्हाला नेलं नवख्यांच्या ठिकाणी. त्या दोघांपैकी वयस्क माणसाने एक शब्द न बोलता माझे फिन्स चढवले, पट्टा आवळला, बोट आत घालून सैल आहे ना ते पाहिलं, आणि मग मान हलवली.

खाली काय दिसलं ते सांगायला बसले तर हे लिखाण संपायचं नाही, आणि तशी वर्णनं भरपूर आहेत. मला जे खरंच नवं होतं ते एवढंच की मी बघत होते. नंबरच्या काचेतून, श्वास मोजत, कान मोकळे करत. प्रशिक्षक पुढे, तोंड माझ्याकडे करून उलटी पोहत होती; हात माझ्या जॅकेटला, डोळे माझ्या डोळ्यांवर. प्रवाळाच्या कपारीतून वाम डोकं काढून तोंडाची उघडझाप करत होती. समुद्रफुलाच्या झुपक्यात विदूषक मासे. पलीकडे एक गोब्रा, चांगला दोन किलोचा, आणि मनात पहिला विचार आला तो बाजारभावाचा. कोळणीकडून मासे घेणाऱ्या बाईचं दुसरं काय होणार! काही ठिकाणी प्रवाळ पांढरं, मेलेलं होतं. समुद्र तापला की प्रवाळ आतलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. 2010 साली अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर झालं. इथे माशांना खाणं टाकत नाहीत आणि कशाला हात लावू देत नाहीत. माझा हात आपसूक पुढे गेला तेव्हा तिने तो धरून माझ्याच पोटावर ठेवला.

एकदा मास्कमध्ये पाणी शिरलं. आपोआप. मी वरची कड दाबली, नाकाने फुंकलं, पाणी गेलं. तिने दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. पाण्यात टाळीला आवाज नसतो, पण मला ती पोचली.

वर आल्यावर तिने मला अर्धा तास सावलीत बसवलं, पाणी पाजलं आणि डोकं दुखतंय का, सांधे दुखतायत का, विचारत राहिली. डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नसतं; अंगात विरघळलेला नायट्रोजन निघायला वेळ लागतो, एकापेक्षा जास्त डाइव्ह केले असतील तर निदान 18 तास. म्हणून त्यांनी आमचं परतीचं विमान कधीचं आहे हे पहिल्या मेलमध्येच विचारून घेतलं होतं आणि लेकीचे डाइव्ह त्या हिशेबाने आखले होते. मधल्या मोकळ्या दिवशी आम्ही राधानगरच्या किनाऱ्यावर जाऊन आलो.

आता जेवण. यावर गप्प बसणं माझ्याच्याने होणार नाही. चहूबाजूंनी समुद्र, आणि बुफेत काय तर पनीर, नूडल्स, करपलेले टोस्ट आणि मैद्यात घोळून तळलेला चवहीन मासा, वर पांढरा सॉस. कुणी वाढत नाही, कुणी 'अजून घ्या' म्हणत नाही. ताट न्यायचं, भरायचं, संपलं की ठेवायचं. मागच्या बाजूला मात्र रोज दुपारी मोहरीच्या तेलाचा वास यायचा. या बेटावर फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना वसवलं, त्यामुळे स्वयंपाकी, मावशी, माळी सगळे बंगाली, आणि ते स्वतःसाठी माशाचा झोल आणि भात रांधत. एका दुपारी मी ताट घेऊन सरळ मागे गेले आणि म्हटलं, "दादा, मला हे द्या." दादा गांगरले, मग पाट मांडला. आमच्या कालवणात असतो तसा नारळ नाही, कोकम नाही, पण मासा ताजा आणि हात सैल. त्यांनी तिसऱ्यांदा भात वाढला तेव्हा कुठे मला या रिसॉर्टमध्ये पाहुणी असल्यासारखं वाटलं.

निघताना अभिप्रायाचा कागद आला. पाण्यातल्या कामाबद्दल मी पानभर लिहिलं. जेवणाच्या रकान्यात लिहिलं: 'बुफे बंद करा, मागचं स्वयंपाकघर पुढे आणा.' मॅनेजरने माझ्यासमोरच वाचलं. म्हणाला, पूर्वी झोलच देत होतो, पण काटे, वास, मोहरीचं तेल अशा इतक्या तक्रारी यायच्या की सोडून दिलं. मी विचारलं, तक्रारी कुणाच्या? तो जरा घुटमळला. "ज्यादातर मुंबई-पुणे के गेस्ट, मॅडम."

घरी आल्यावर डॉक्टरांना फोन केला, मग देवबागला. काकूंना सगळं सांगितलं: फॉर्म, ताणचाचणी, नंबरचा मास्क, प्रशिक्षकाने हात धरून पोटावर ठेवला ते. त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"पाण्यात बरी सांभाळल्यानी म्हणायची," त्या म्हणाल्या. "पण जेवाक काय दिल्यानी?"

पांढऱ्या सॉसचं मी त्यांना सांगितलं नाही.